मोजणीत न आलेल्या बायका

१९७० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जनरल मोटर्स या मोटार कंपनीनं कामगार कपात केली. नियम साधा होता: जो शेवटी लागला तो आधी जाईल. कंपनीनं १९६४ पूर्वी एकाही काळ्या बाईला कामावर घेतलं नव्हतं, त्यामुळे कुऱ्हाड नेमकी काळ्या बायकांवर पडली. एमा डीग्राफनरीड आणि तिच्यासोबतच्या चार जणी न्यायालयात गेल्या. कंपनीचा बचाव तयार होता. आम्ही बायकांना कामावर घेत आलो आहोत, मग हा स्त्रियांवरचा अन्याय कसा? आम्ही काळ्या माणसांनाही घेत आलो आहोत, मग वर्णभेद कुठे आहे? दोन्ही विधानं खरी होती. बायका होत्या, पण त्या गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या. काळे कामगार होते, पण ते पुरुष होते आणि यंत्रांवर होते. १९७६ साली न्यायालयानं सांगितलं की वंशाच्या नावानं दाद मागा किंवा लिंगाच्या नावानं मागा. दोन्ही एकत्र करून तिसराच दावा उभा करता येणार नाही. पाच जणी हरल्या.

या निकालाचा अर्थ कायद्याच्या भाषेत मांडायला आणखी तेरा वर्षं गेली. १९८९ मध्ये किंबर्ली क्रेनशॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईंनी या खटल्यावर लिहिताना चौकाचं उदाहरण घेतलं. चारी दिशांनी वाहनं येत असतात. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला धडक कोणत्या रस्त्यावरच्या गाडीनं दिली, हे सांगता आलं नाही म्हणून त्याला झालेली जखम खोटी ठरत नाही. काळ्या बाईवरचा अन्याय म्हणजे काळ्या पुरुषावरचा अन्याय अधिक गोऱ्या बाईवरचा अन्याय, अशी बेरीज नसते. ती जिथे उभी असते तिथे तिसरंच काही घडतं, आणि ते दोन्ही खात्यांच्या वहीत येत नाही.

अमेरिकी समाजातल्या या दुहेरी विषमतेचा परिचय रायपुरातून मराठीत करून देताना एक प्रश्न आधी उभा राहतो: हा विषय इथला कसा? छत्तीसगढची राजधानी असलेलं हे शहर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होतं. त्याआधी १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता. तात्यापारा, चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ, पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि पुढे रायपुरात मुलींच्या शाळेसाठी खपलेले माधवराव सप्रे, अशा मराठी वस्तीच्या खुणा मराठी वाचकाला ठाऊक असतात. पण प्रश्नाचं उत्तर या खुणांत नाही. सेंट लुईसच्या न्यायालयाला जी बाई दिसली नाही, ती रायपूरच्या आसपासच्या इतिहासातही पुन्हा पुन्हा सुटून गेलेली आहे, आणि ती शोधण्याची दृष्टी मराठी समाजानं अमेरिकेच्या पुष्कळ आधी कमावली होती.

मराठीनं अमेरिकेकडे बघण्याची सुरुवात कुतूहलानं केली नाही, गरजेनं केली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अमेरिकेत यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या, त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. पुढची दोनेक वर्षं त्यांनी तो देश पालथा घातला आणि १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांच्या संघटना पाहून त्यांना भरतं आलं, पण वर्णद्वेष त्यांच्या नजरेतून सुटला नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले; १९४६ मध्ये त्यांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्या अमेरिकनांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर पाठवलं. १९७२ मध्ये मुंबईत तरुण कवी-कार्यकर्त्यांनी संघटना काढली तेव्हा तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून दलित पँथर ठेवलं.

या सगळ्याआधीची एक नोंद मात्र जास्त मोलाची आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिनं धर्माचा, सत्तेचा आणि शिक्षणाचा हिशेब मागितलाच, पण त्याच निबंधात तिनं आपल्या जातीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे लिहून ठेवलं. जातीचं दुःख सांगताना ते बाईच्या अंगावर कसं वेगळं उतरतं हे तिनं न चुकता पाहिलं. चारच वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, ओहायोतल्या ॲक्रन गावच्या स्त्री-हक्क परिषदेत सोजर्नर ट्रूथ ही गुलामीतून सुटलेली काळी बाई उठून बोलली होती. एकमेकींचं नावही ठाऊक नसलेल्या या दोघींनी एकच जागा दाखवली होती.

जात म्हणजे वंश नव्हे, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. अमेरिकेत कातडीचा रंग लांबून दिसतो; जात आडनावात, गावातल्या वस्तीत, पाणवठ्यावर आणि लग्नाच्या बैठकीत दिसते. गुलामगिरी खरेदी-विक्रीवर उभी होती, तर अस्पृश्यता शिवाशिवीवर. दोन्ही व्यवस्थांना एका मापात बसवण्याचा उत्साह अलीकडे दोन्ही बाजूंनी दिसतो. अमेरिकी लेखिका इझाबेल विल्करसन यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेच्या वर्णव्यवस्थेलाच जात म्हटलं. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसंच विधेयक सहीविना परत पाठवलं. या वादात अमेरिकेतली मराठी घरंही ओढली गेली. तुलना करावी ती यासाठी नव्हे की दोन्हीकडे सारखंच आहे. एका ठिकाणी जी गोष्ट उघड दिसते ती दुसऱ्या ठिकाणी कुठे दडली आहे, ते शोधायला तिचा उपयोग होतो. आणि दोन्हीकडे सर्वांत जास्त दडलेली आहे ती खालच्या ठरवलेल्या समूहातली बाई.

समतेची दारं उघडली जातात तेव्हा ती कोणासाठी उघडतात, हे पाहिलं तरी पुरे. अमेरिकेत १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वंशाच्या कारणावरून मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही असं ठरलं. मत मिळालं काळ्या पुरुषांना. त्याच्या आदल्याच वर्षी याच प्रश्नावर समान हक्कांची चळवळ दुभंगली होती: काळे नेते फ्रेडरिक डग्लस म्हणत होते काळ्या पुरुषाला आत्ता मत मिळणं हा जिवाचा प्रश्न आहे, आणि स्त्री-हक्कांच्या गोऱ्या पुढारी एलिझाबेथ स्टँटन व सुसान अँथनी बायकांना मागे ठेवायला तयार नव्हत्या. या भांडणात काळी बाई कोणाच्या बाजूला उभी राहणार? ३ मार्च १९१३ रोजी वॉशिंग्टनमध्ये बायकांच्या मतासाठी भव्य मिरवणूक निघाली तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरतील म्हणून काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना शेवटी, काळ्या बायकांच्या तुकडीत चालायला सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं नाही. त्या रस्त्याकडेच्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयच्या गोऱ्या तुकडीत मध्येच शिरून चालू लागल्या. १९२० मध्ये अमेरिकन बायकांना मत मिळालं, पण मिसिसिपीसारख्या राज्यांतल्या काळ्या बाईला ते हातात पडायला १९६५ चा कायदा यावा लागला.

आता राजीमला यावं. रायपूरपासून महानदीच्या काठाकाठानं गेलं की राजीवलोचनाचं हे जुनं क्षेत्र लागतं. पंडित सुंदरलाल शर्मा इथल्याच पंचक्रोशीतले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या सतनामी पंथाच्या मंडळींना जानवी घातली, अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी राजीमला आघाडी उघडली आणि स्वतःच्या जातीचा बहिष्कार सोसला. १९३३ मध्ये गांधीजी हरिजन दौऱ्यावर रायपूरला आले तेव्हा त्यांनी या कामात शर्मांना आपले गुरू म्हटलं. हे धाडस खरं होतं आणि त्याची किंमत शर्मांनी दिली. तरी एक गोष्ट पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. समतेची खूण म्हणून जे दिलं गेलं ते जानवं होतं, आणि जानवं कोणत्याच जातीच्या बाईच्या गळ्यात नव्हतं. सतनामी पुरुष एक पायरी चढला. त्याच्या घरातली बाई त्या चढण्याच्या हिशेबात कुठे होती, हे विचारणं त्या काळी कोणाला सुचलं नाही.

सतनामी पंथाची गोष्ट मुळातून पाहावी लागते. १८ डिसेंबर १७५६ ही गुरू घासीदासांची जन्मतिथी मानली जाते, गाव गिरौदपुरी. चामड्याच्या कामावरून अस्पृश्य ठरवलेल्या, पण मोठ्या संख्येनं शेती कसणाऱ्या समाजाला त्यांनी मूर्ती, मांस आणि मद्य सोडायला सांगितलं आणि सगळी माणसं एकाच तोलाची आहेत असं शिकवलं. ब्राह्मणाची गरज उरू नये अशी त्यांनी आपल्या पंथाची घडी बसवली. छत्तीसगढच्या मैदानी भागातली ही सर्वांत मोठी जातिविरोधी चळवळ आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला ती जेवढी ठाऊक असायला हवी तेवढी नाही.

या समाजात, आणि इथल्या इतरही अनेक कष्टकरी जातींत, ‘चूरी’ची रीत होती. विधवा बाई किंवा पहिलं घर सोडून आलेली बाई दुसऱ्या पुरुषानं भरलेल्या बांगड्या हातात घेई आणि जातपंचायत त्या संबंधाला मान्यता देई. पुण्या-मुंबईत विधवेच्या पुनर्विवाहासाठी शास्त्रार्थ चालले होते, केशवपन थांबावं म्हणून सुधारक झगडत होते, त्या काळात इथली कष्टकरी बाई दुसरा संसार उभा करू शकत होती. ही मोकळीक खरी होती. पण वरच्या जातींनी आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तिचा अर्थ काय लावला? या जातीच्या बायका सैल असतात. मालगुजाराच्या शेतावर राबणाऱ्या बाईला या शिक्क्याची किंमत मोजावी लागली, कारण जिला आधीच चारित्र्यहीन ठरवलं तिच्यावर झालेला अत्याचार अत्याचार म्हणून ऐकून घेतला जात नाही. पुढे विसाव्या शतकात सतनामी महासभेनं समाजाची इज्जत वाढवण्याचं काम हाती घेतलं तेव्हा चूरीची रीतही सुधारणेच्या यादीत गेली. म्हणजे जातीनं हिणवलं म्हणून आपल्याच समाजानं बाईला अधिक बांधलं.

अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी हेच दळण दळलं आहे. गुलामीत त्यांच्या देहावर मालकाची सत्ता होती आणि गुलामी संपल्यावर त्याच सत्तेचा कलंक त्यांच्या माथी मारला गेला. १८९५ मध्ये मिसूरीतल्या एका गोऱ्या संपादकानं काळ्या बायकांना सरसकट चारित्र्यहीन म्हणणारं पत्र लिहिलं. त्यावर बॉस्टनमध्ये काळ्या बायकांची परिषद भरली आणि १८९६ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्यांनीही आपल्या समाजाची प्रतिष्ठा सिद्ध करण्याचं ओझं प्रामुख्यानं बायकांच्याच वागण्यावर टाकलं. अब्रूच्या लढाईत बाई सैनिक असते आणि रणांगणही तीच असते.

सतनामी समाजातल्या मिनीमातांचं आयुष्य जात आणि बाई या दोन प्रश्नांच्या मधोमध आहे. मूळ नाव मीनाक्षी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळात छत्तीसगढची कितीतरी कुटुंबं आसामच्या चहामळ्यांकडे गेली. मिनीमातांच्या आईचं माहेर त्यांतलं. जन्म आसामात. सतनामी गुरू अगमदास तिकडे गेले असताना लग्न ठरलं आणि ही मुलगी रायपूरला आली. अगमदास पहिल्या लोकसभेत निवडून गेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर पोटनिवडणुकीत मिनीमाता उभ्या राहिल्या, जिंकल्या, आणि छत्तीसगढमधून लोकसभेत गेलेल्या पहिल्या बाई ठरल्या. पुढच्या चार सार्वत्रिक निवडणुकाही त्यांनी जिंकल्या. अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा १९५५ मध्ये झाला, त्या काळात संसदेत या प्रश्नावर बोलणाऱ्यांत त्या होत्या. बालविवाह, हुंडा, मुलींचं शिक्षण, मजुरांचे प्रश्न हे सगळं त्यांच्या कामात आलं. ११ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्लीजवळच्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कोरबा जिल्ह्यातल्या हसदेव-बांगो धरणाला आज त्यांचं नाव आहे.

नवऱ्याच्या गादीवर आलेली विधवा, असं त्यांच्याबद्दल म्हणणं सोपं आहे आणि ते अपुरं आहे. गुरुगादीला वारस हवा असतो तेव्हा बाई पुढे केली जाते, पण गादीवर आल्यावर तिनं काय करायचं हे कोणी तिला सांगितलेलं नसतं. मिनीमातांनी तिथे बसून जातीचा प्रश्न आणि बाईचा प्रश्न एकाच तोंडानं मांडला. त्यांचं नाव छत्तीसगढबाहेरच्या स्त्री-इतिहासात क्वचित येतं आणि दलित इतिहासातही ओझरतं येतं. महाराष्ट्रात हीच उणीव उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी भरून काढली. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन लिहिलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये आलं, म्हणजे क्रेनशॉ यांचा निबंध आला त्याच वर्षी. मिनीमातांवर असं शोधून काढलेलं मराठी पुस्तक अजून यायचं आहे.

या विषयाचा सर्वांत कठीण भाग मात्र संसदेत नाही, गावात आहे. उत्तरेकडच्या पंचांगातल्या श्रावण अमावास्येला छत्तीसगढमध्ये हरेली साजरी होते. शेतकरी नांगर-औतं धुऊन पुजतात, पोरं बांबूच्या गेडीवर चढून हिंडतात, दारावर कडुलिंबाची डहाळी खोचली जाते. याच रात्री टोनही बाहेर पडते अशी समजूत आहे. टोनही म्हणजे चेटूक करणारी बाई. गाय आटली, मूल तापानं गेलं, पीक करपलं की गुनिया, म्हणजे गावचा मांत्रिक, नाव सांगतो, आणि ते नाव बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईचं असतं: विधवा, निपुत्रिक, म्हातारी, किंवा जिच्या नावावर दीर-पुतण्यांना नको असलेली दोन एकर जमीन आहे अशी. २००१ मध्ये तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातल्या लचकेरा गावात तीन बायकांना टोनही ठरवून अमानुष छळण्यात आलं आणि नव्यानं जन्मलेलं राज्य हादरलं. २००५ मध्ये छत्तीसगढ टोनही प्रताडना निवारण अधिनियम झाला. एखाद्या बाईला टोनही ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, त्यावरून छळ केला तर पाच वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ उजाडलं, आणि तोही नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर.

कायद्याच्या दहा वर्षं आधीपासून रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र गावोगाव जाऊन सांगत होते की कोणतीही बाई टोनही नसते. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती हरेलीच्या रात्री मुद्दाम खेड्यांत फिरते. या कामाची धीराची बाजू ही की त्यात एकदाचा विजय नाही. गावानं वाळीत टाकलेल्या बाईच्या घरी पुन्हा जावं लागतं, तिच्या हातचं पाणी प्यावं लागतं, सरपंचाला बोलावून बसवावं लागतं.

आणि अमेरिका? मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला १६९२ मध्ये चेटकिणींचे खटले चालले. पहिल्यांदा ज्या तिघींना पकडलं त्या कोण होत्या हे नीट पाहावं. टिट्युबा, धर्मोपदेशकाच्या घरातली गुलाम बाई. सारा गुड, दारोदार भीक मागणारी. सारा ऑसबोर्न, पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून मुलांशी वाद असलेली आजारी बाई. नंतर आरोप प्रतिष्ठितांवरही झाले आणि एकोणीस जणांना फाशी झाली, त्यांत चौदा बायका होत्या. पण सुरुवात ज्यांच्यापासून झाली त्यांची यादी छत्तीसगढच्या कोणत्याही ठाण्यातल्या नोंदीत शोभेल अशी आहे. टोनही ठरलेल्या बायका दर वेळी दलित वा आदिवासीच असतात असं नाही. मधल्या जातींच्या घरांतल्याही असतात, आणि मारणारे पुष्कळदा घरचेच असतात. जात इथे वेगळ्या रीतीनं काम करते: ठाण्यापर्यंत कोण पोहोचतं, कोणाची तक्रार लिहून घेतली जाते, गाव सोडून जायचं तर कोणाला आसरा मिळतो, हे जातीवर आणि जमिनीवर ठरतं.

सरकारी आकड्यांत ही गुंतागुंत मावत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांचं प्रकरण वेगळं, अनुसूचित जातींचं वेगळं, जमातींचं वेगळं. चेटकाच्या संशयावरून झालेले खून हत्येच्या कारणांत एका रकान्यात येतात. मारली गेलेली बाई कोणत्या जातीची होती, तिच्या नावावर जमीन होती का, हे त्या रकान्यावरून कळत नाही. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढमध्ये दर हजार पुरुषांमागे ९९१ स्त्रिया होत्या, तेव्हा हरियाणात ८७९. या एका आकड्यावर राज्याची पाठ थोपटणारी भाषणं खूप झाली. त्याच जनगणनेत इथली पुरुष साक्षरता ८० टक्क्यांच्या वर आणि स्त्री साक्षरता ६० च्या आसपास होती. जगू दिलेली मुलगी आणि शिकवलेली मुलगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

देहावर कोणाची सत्ता, हा प्रश्न छत्तीसगढनं एका भयंकर घटनेतून जगासमोर आणला. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळच्या पेंडारी इथे, बंद पडलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत, एकाच शल्यचिकित्सकानं काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली. त्या शिबिरातल्या आणि त्याच आठवड्यात भरलेल्या दुसऱ्या शिबिरातल्या मिळून तेरा जणी दगावल्या. बहुतेक दलित, आदिवासी आणि मागास जातींच्या, गरीब घरांतल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली आणि पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. आणि याच प्रदेशात बैगांसारख्या अतिमागास आदिवासींची नसबंदी करू नये असा १९७९ चा सरकारी आदेश होता. त्यामुळे ज्या बैगा बाईला पाळणा थांबवायचा होता तिला दवाखान्यातून परत पाठवलं जाई. एकीला नको असताना करायची, दुसरीला हवी असताना नाकारायची. दोघींना विचारायचं मात्र नाही.

अमेरिकेतही न विचारण्याची हीच रीत होती. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी १९७६ मध्ये दिलेल्या अहवालात मूलनिवासींच्या आरोग्यसेवेतल्या केवळ चार विभागांत १९७३ ते १९७६ या काळात ३,४०६ नसबंदी शस्त्रक्रिया झाल्याची नोंद आहे, आणि संमतीच्या कागदपत्रांत गंभीर त्रुटी आढळल्या. मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणारी काळी बाई फॅनी लू हेमर १९६१ मध्ये गाठ काढायला रुग्णालयात गेली आणि न विचारता तिचं गर्भाशय काढलं गेलं. पुढच्याच वर्षी ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली आणि मळ्यावरचं काम गमावून बसली. काळ्या बाईच्या देहाची ही किंमत अजून बदललेली नाही: २०२१ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे बाळंतपणात सुमारे ७० काळ्या बायका दगावल्या, गोऱ्या बायका सुमारे २७. श्रीमंत देशातला हा आकडा आहे.

या विषयात फक्त सोसणं नाही, आणि त्याचा परिचय रडकथेनं व्हावा असंही नाही. दुर्गजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई पारधी समाजातल्या. पंडवानी, म्हणजे महाभारताची कथा, गाणाऱ्या बायका तोवर बसून, वेदमती ढंगात गात; उभं राहून, तंबोरा गदेसारखा पेलत, भीमाची गर्जना करण्याची कापालिक रीत पुरुषांची होती. तीजनबाईंनी ती उचलली. समाजानं त्यांना बाहेर काढलं. त्यांनी वेगळी झोपडी बांधली आणि गाणं चालू ठेवलं. रायपुरात जन्मलेले नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यांना ऐकलं आणि वाट मोठी झाली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या यशाबद्दल लिहिताना जातीबाहेर काढलं गेल्याची गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. ती विस्तारानं सांगितली गेली पाहिजे, कारण ज्या समाजाला व्यवस्थेनं गुन्हेगार ठरवून गावाबाहेर ठेवलं होतं त्याच समाजानं आपल्या बाईला पुन्हा बाहेर ठेवलं, आणि ती दोन्ही कुंपणांपलीकडे उभी राहून गायली.

कायद्यानं या दुहेरी जागेची दखल अगदीच घेतली नाही असंही नाही. १९९३ मध्ये लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांमध्येही एक तृतीयांश जागा बायकांच्या ठेवल्या. सेंट लुईसच्या न्यायालयाला जे कल्पनेत बसलं नव्हतं, ते भारताच्या पंचायत कायद्यानं लिहून टाकलं. छत्तीसगढनं पुढे पंचायतींत बायकांचा वाटा निम्म्यावर नेला. २०२३ च्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभांसाठीही राखीव जागांच्या आतली ही तरतूद केली, तिचा अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेवर टांगलेला आहे.

तरतूद आणि व्यवहार यांच्यामधलं अंतर मोजायचं तर कबीरधाम जिल्ह्यातलं परसवारा गाव पाहावं. २०२५ च्या मार्चमध्ये तिथे नव्या पंचायतीचा शपथविधी झाला तेव्हा निवडून आलेल्या सहा बायका पंचांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली. चित्रफीत पसरली, बोभाटा झाला आणि पंचायत सचिवाला निलंबित केलं गेलं. प्रशासनाची कारवाई सचिवावर झाली, कारण नोंदवही त्याच्या हातात होती. हार घालून उभ्या राहिलेल्या सहा नवऱ्यांना, त्यांच्यासमोर टाळ्या वाजवणाऱ्या गावाला आणि मत मागताना बायकांचे फोटो छापून घेणाऱ्या पुढाऱ्यांना कोणत्या कलमाखाली विचारायचं, हे अजून कोणी ठरवलेलं नाही.